रात्रीचा खेळ आणि मुक्कामाची गाडी

दिवाळी सरली, थंडीची पहिली शिरशिरी आली, की बारामती-इंदापूरकडच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. एक म्हणजे उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या, आणि दुसरी म्हणजे चौकाचौकांत उभे राहिलेले कबड्डीचे फलक. ‘विद्युत प्रकाशझोतात भव्य कबड्डी सामने’ ही अक्षरे त्या फलकांवर चांगली हातभर असतात. बक्षिसाची रक्कम तेवढी त्याहून मोठी. विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने बिचारे भर दिवसा होतात आणि ते खेळाडूंवाचून फारसे कोणी पाहत नाही. कॉलेजच्या पोरांचा खरा खेळ लोकांना दिसतो तो या मंडळांच्या रात्रीच्या सामन्यांतच. सारी गर्दी तिथे लोटते.

या गर्दीत पुढच्या बाजूला दोन रांगा खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांवर पांढऱ्या खोळी घातलेल्या असतात. त्या असतात ‘माजी खेळाडू व ज्येष्ठ विद्यार्थी’ यांच्यासाठी. शनिवार-रविवार असला तर त्यांतल्या काही भरतात. सामना मंगळवारचा किंवा बुधवारचा असला, की त्या रांगा रात्री साडेनवालाही तशाच कोऱ्या दिसतात, आणि मग ध्वनिक्षेपकावरून कोणी तरी बोलून जातो, की जुन्या लोकांना आता खेळाचे प्रेम राहिले नाही. टाळ्याही पडतात.

मी शाळेत शिकवतो, सवड मिळेल तशी कादंबरी लिहितो. माझी स्वतःची मजल मॅट्रिकपुढे गेली नाही, तेव्हा त्या खोळीच्या खुर्चीवर माझा काही हक्क पोचत नाही. मी आपला दोरीपलीकडे मातीत बसणारा प्रेक्षक. पण हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची एकदा नीट तपासणी व्हावी असे मला वाटू लागले. ज्या माणसांनी ऐन उमेदीत ढोपरे फोडून घेतली, ज्यांच्या अंगठ्याचे नख अजूनही वाकडे उगवते, त्यांचे प्रेम असे वाऱ्यावर उडून कसे जाईल? म्हातारपणी झोप येते म्हणावे, तर म्हाताऱ्यांना झोप येत नाही ही तर घरोघरची तक्रार.

कबड्डीच्या नियमांचे पुस्तक उघडून पाहा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. २० मिनिटांचे दोन डाव. मध्ये ५ मिनिटे विश्रांती. चढाईला ३० सेकंद. सगळे काही मोजूनमापून लिहिलेले आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशात दाखविला, १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, बुवा साळवींसारख्यांनी त्यासाठी जन्म घालविला, १९९० साली पेकिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला जागा मिळाली. एवढ्या प्रवासात नियम पुष्कळ झाले आणि पुष्कळ बदलले; पण सामना किती वाजता सुरू करावा याविषयी कोणी अवाक्षर लिहिले नाही. खेळाची वेळ खेळ ठरवीत नाही. ती नेहमी खेळाबाहेरचे कोणी तरी ठरविते. पूर्वी कोण ठरवीत होते ते आधी पाहू.

आमच्या भागातला जुना खेळ म्हणजे कुस्ती. कुस्तीचा आखाडा हा उन्हाचा खेळ. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे उरकली, की हलगी वाजू लागे. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग पाच-दहा रुपयांच्या, मग जोडीतल्या नामांकित मल्लांच्या, आणि दिवस कलायला लागला की शेवटची मानाची. निकाल लागला नाही आणि सूर्य बुडाला, तर पंच ती बरोबरीत सोडवीत. सूर्यापुढे पहिलवानाचे काही चालत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली खासबागचे ते विख्यात मैदान उभे राहिले, तेही उघड्या आभाळाखालीच. बघायला आलेला माणूस कडूस पडायच्या आत गाड्या जुंपून वाटेला लागला पाहिजे, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेले होते.

यावर कोणी म्हणेल, मग जुने लोक रात्री बाहेर पडतच नव्हते की काय? अहो, तसे मुळीच नाही, आणि सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. त्याच जत्रेत आदल्या रात्री तमाशा असे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. वगाला तोंड फुटायलाच मध्यरात्र होई. तो पहाटेपर्यंत चाले, आणि सकाळी पुन्हा त्याच फडाच्या हजेऱ्या. देवीचा गोंधळ रात्रभराचा, भजनाचा जागर रात्रभराचा. सत्तर वर्षांचा म्हातारा घोंगडी पांघरून वगाच्या शेवटच्या शब्दापर्यंत बसून राही आणि कोंबडा आरवला की उठून घराची वाट धरी. जागरणाचे भय त्या पिढीला कधीच नव्हते.

म्हणजे करमणुकीच्या दोन जाती होत्या. एक दिवस मावळायच्या आत संपणारी, आणि दुसरी उजाडल्यावर संपणारी. दोन्हींत घरी जायला उजेड होता. रात्री साडेअकरा वाजता ‘आता आपापल्या घरी जा’ असे सांगणारी करमणूक आमच्या मुलखात नव्हतीच. ती शहरातली चीज. पुण्या-मुंबईत नाटक बारा-एकला सुटे तरी माणूस चार गल्ल्या ओलांडून घरी पोचे. इथे चार गल्ल्यांच्या जागी चौदा कोस.

आता कॉलेजचे बघा. १९६२ सालापर्यंत आमच्याकडच्या मुलाला कॉलेज म्हणजे पुणेच. फर्ग्युसनला जा नाही तर स. प.ला. दौंड-बारामती ही अरुंद रुळांची गाडी १९१४ सालापासून धावत होती. ती दौंडापर्यंत नेऊन सोडी, आणि मग मोठ्या गाडीने पुढे. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले आणि गोष्ट एकदम पालटली. ज्या घरात मॅट्रिक झालेला माणूस म्हणजे रावसाहेब, त्या घरातला मुलगा भाकरी बांधून घेऊन कॉलेजला जाऊ लागला. त्या पहिल्या तुकडीतला सतरा-अठराचा मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे.

ही मुले आली कोठून? थोडी गावातली, बाकीची नीरा डाव्या कालव्याच्या काठची, भिगवणकडची, वालचंदनगरची, सणसर-बेलवाडीची, थेट इंदापुरापर्यंतची. बारामती-इंदापूर हे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. ती आली एस.टी.ने. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली हे आपण शाळेत सांगतो. पण खेड्यातल्या शिक्षणाचा इतिहास ज्या गाडीने घडविला, ती होती मुक्कामाची गाडी. ज्या वाचकांचा जन्म शहरात गेला त्यांच्यासाठी सांगतो. ही गाडी संध्याकाळी तालुक्याहून सुटे, दिवेलागणीनंतर गावात पोचे, आणि ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच देवळात किंवा शाळेत पथारी टाकीत. उजाडताना तीच गाडी दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरे घेऊन तालुक्याला परत. ती चुकली तर रात्र स्टँडवरच्या बाकावर.

तेव्हा त्या पिढीच्या खेळाचे पंच दोन: एक शिट्टीवाला, आणि दुसरा त्या गाडीचा कंडक्टर. सराव चार वाजता सुरू होई आणि सहाच्या सुमारास मोडे, कारण निम्म्या पोरांना गाडी गाठायची असे. त्या वेळचे खेळाडू मजेने सांगतात, की दुसऱ्या डावाची शेवटची पाच मिनिटे अर्धे लक्ष रेषेवर आणि अर्धे स्टँडकडे असे. कपडे न बदलता, अंगावरच्या मातीसकट गाडीत चढायचे. घरी पोचल्यावर आई आधी मातीवरून बोलणार, आणि मग जेवायला वाढणार. खेळाची वेळ म्हणजे तिसरा प्रहर, हे अशा रीतीने त्यांच्या हाडीमाशी खिळले.

हे सगळे बदलले ते दिव्यांनी, आणि दिव्यांपेक्षाही दूरचित्रवाणीने. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या वीस वर्षांत खेडोपाडी तारा पोचल्या. गॅसबत्तीची जागा विजेच्या दिव्याने घेतली. हौशी मंडळांचे दिव्यांखालचे सामने तेव्हापासून होतच होते. पण ते मुख्यतः गावातल्या गावात, गणपतीत नाही तर जत्रेत. तिकडे २८ सप्टेंबर १९८४ रोजी दिल्लीला दिव्यांखाली क्रिकेटचा भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. मग २००८ साली आयपीएल आली, आणि २६ जुलै २०१४ पासून प्रो कबड्डी. मातीतला आपला खेळ रंगीत मॅटवर, रात्री आठ आणि नऊ वाजता, देशभरच्या घरांत दिसू लागला. याचा मला अभिमानच आहे. हुतूतू म्हणून ज्याला नाके मुरडली गेली, त्याच्या चढाईपटूला लिलावात लाखांनी बोली लागते ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण टीव्हीवरचा खेळ घरी बसून पाहायचा असतो, म्हणून तो रात्री आठला. मैदानावरचा खेळ घर सोडून पाहायचा असतो. मंडळांनी वेळ टीव्हीची उचलली. खुर्ची मात्र गावाबाहेरच राहिली.

हा घोटाळा आपल्याच मुलखाचा आहे असेही नाही. अमेरिकेत बास्केटबॉलचे तेच झाले आहे. हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या एका व्यायामशिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड गावी काढला. बर्फाच्या दिवसांत दांडग्या पोरांना छपराखाली गुंतवावे एवढाच त्याचा हेतू. २९ डिसेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेड आयरिश या गृहस्थाने एका रात्रीत कॉलेजांचे दोन सामने लागोपाठ लावले आणि सोळा हजारांवर लोक आले. न्यूयॉर्कला ते जमले, कारण सामना सुटला की भुयारी रेल्वे दारात उभी. १९४० च्या फेब्रुवारीत कॉलेजचा सामना प्रथम दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, आणि १९७९ साली दिवसरात्र खेळच दाखविणारी वाहिनी निघाली. तिला आठवड्याच्या रोजच्या रात्री भरून काढायच्या होत्या. तो देश इतका रुंद, की पूर्वेकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहाच असतात. साऱ्यांना सोयीचे म्हणून पूर्वेकडचा सामना नऊला सुरू करायचा आणि अकरानंतर संपवायचा. कॉलेजला देणग्या देऊन ज्यांनी चांगल्या जागा राखून ठेवल्या, ते साठी-सत्तरीचे माजी विद्यार्थी तास-दीड तासाच्या अंतरावरून मोटार हाकीत येणारे. शनिवारी दुपारी ते हटकून येतात. मंगळवारी रात्री नऊला त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. म्हणजे मोटार दारात असलेल्या माणसाचीही हीच गत. मग मुक्कामाच्या गाडीवर वाढलेल्याची काय कथा!

पुन्हा आपल्या कालव्यावर येऊ. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि तेव्हापासून इथल्या माणसाचे घड्याळ पाण्याच्या पाळीने चालते. पाटकरी सांगेल ती वेळ. त्यात वीज आली आणि मोटारीने पाणी उपसू लागले, तेव्हा वाटले होते की आता सुटका झाली. झाले उलटेच. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने काढली, आणि शेतीपंपांची थ्री फेज वीज आलटून पालटून येऊ लागली: काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी असली की नवरा-बायको बॅटरी घेऊन बांधावर. सौर विजेमुळे आता कुठे कुठे दिवसा वीज मिळते आहे, पण अजून सर्वांना नाही. मला गंमत वाटते ती याची, की त्याच रात्री, त्याच वेळी, पटांगणावर दिव्यांचे चार खांब लखलखत असतात. आणि ज्या माजी खेळाडूला खेळाचे प्रेम राहिले नाही म्हणतात, तो दोन कोसांवर उसाला दारे धरीत उभा असतो. त्याला तिथून उजेड दिसतो आणि वारा फिरला की ध्वनिक्षेपकही ऐकू येतो.

आमच्याकडचे एक जुने चढाईपटू आहेत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांना मी एकदा सरळच विचारले, “आबा, तुम्ही सामन्याला का येत नाही?”

आबा म्हणाले, “सर, म्याचला माझी ना न्हाई. म्याच सुटल्यावर मी कुठं जाऊ, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “नातू मोटारसायकलवर सोडील की.”

“सोडंल. पर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा न्हाई, काय न्हाई. अंधारात बोळ वाटतो न् तिथं नेमका ऊस असतो. पोराच्या जिवाला घोर नगं. आनी बारा वाजता घरी गेल्यावर सुनंला दार उघडाया लावायचं, ते निराळंच.”

यात खेळाविषयी तक्रारीचा एक शब्द नाही. ज्या महिन्यांत सामने भरतात, तेच साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचे महिने. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडला, की तो दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही. इथली कितीतरी घरे या एका कारणाने रात्रीच्या प्रवासाला नाही म्हणतात, आणि ते बरोबरच करतात.

एस.टी.ने जावे म्हटले तर मुक्कामाच्या गाड्याच विरळ झाल्या. वडाप आले, घरोघरी दुचाक्या आल्या, मग २०२१-२२ चा तो लांबलेला संप झाला, आणि कित्येक वस्त्यांवरची गाडी सुटली ती सुटलीच. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एस.टी.चा प्रवास सबंध राज्यात फुकट झाला. फार चांगली गोष्ट झाली. आता रात्री साडेअकराला त्या फुकट तिकिटावर बसायला एक गाडी तेवढी हवी.

बरे, सामना सातचा म्हणून सातला सुरू झाला असता, तरी एक वेळ जमले असते. पण फलकावरचे सात म्हणजे पाहुण्यांचे सात. मैदान मारून तयार, पोरे अंग गरम करून तयार, आणि पाहुण्यांची गाडी अजून मागच्या गावी. ते आले की दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे सत्कार, मग ज्यांचे नाव राहिले त्यांची समजूत. पहिली चढाई होते तेव्हा दव पडायला लागलेले असते, आणि ओल्या मॅटवर पाय घसरतो म्हणून मॅट पुसण्यात आणखी पाव तास जातो. तरुणांना हे चालते. ते तोवर वडापाव खाऊन येतात.

माजी खेळाडू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. पण मुलींची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ सालापासून भरते आहे, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-कॉलेजांतून खेळून गेलेल्या बाया आज कोणाच्या आजी, कोणाच्या सासूबाई आहेत. नऊवारीतली एक बाई नातीच्या पकडीतली चूक ओट्यावरून हाताने दाखविताना मी पाहिली आहे. घोटा धरायचा कसा, हे त्या हातालाच ठाऊक होते. या बायांना रात्रीच्या सामन्याला का आला नाहीत असे कोणी विचारतही नाही. त्यांच्या नावाची खुर्चीच मांडलेली नसते, मग ती रिकामी तरी कशी दिसणार?

आता माणसे दिवसाची पाहा. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. त्या सकाळी हीच सत्तरीची माणसे, हेच गुडघे, पहाटे उठून चिखल तुडवीत येतात आणि अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पोरांच्या बरोबरीने झेपावतात. त्यांच्या पायांत बळ नाही असे तिथे कोणी म्हणून दाखवावे.

त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्याने म्हाताऱ्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पोरांचे. पूर्वी मैदानाच्या कडेला ही माणसे उकिडवी बसत. टीव्हीसारखा तोच क्षण पुन्हा दाखविण्याची सोय नव्हती. स्पर्श झाला की नाही, दम तुटला की नाही, यावर वाद पेटला की पंच हळूच त्यांच्याकडे पाही, आणि त्यांच्यातला एखादा आपल्या स्वतःच्या गावच्या पोराविरुद्ध मान हलवी. तेवढ्याने वाद मिटे. अमक्या पोराचा बाप डाव्या कोपऱ्यातून कसा सूर मारीत असे, हे त्यांना पाठ होते, आणि ते त्याला ऐकवीतही. ‘सुपर टॅकल’ हा शब्द त्यांना माहीत नव्हता. तिघांत सातव्याला कसे आडवे करायचे ते माहीत होते. ही विद्या कुठल्याही पुस्तकात नाही. ती मैदानाच्या कडेलाच बसून देता येते.

एका मंडळाच्या चिटणिसांना मी म्हटले, निदान एखादी फेरी रविवारी चार वाजता ठेवा. गृहस्थ भला होता, त्याने उडवून लावले नाही. म्हणाला, “सर, आमची निम्मी पोरं एमआयडीसीत. पाळी सुटल्याशिवाय ती येत नाहीत. दुकानदार आठला दुकान लावतो, तो फलकाचे पैसे देतो. चारला उन्हात मोकळ्या मैदानावर त्याच्या पाटीकडे बघणार कोण?” त्याचेही खोटे नव्हते. त्याची वेळ कारखान्याचा भोंगा ठरवितो, आबांची वेळ पाटकरी ठरवितो, आणि मैदान दोघांचे एकच.

गेल्या हिवाळ्यात आबा एका रात्री सामन्याला आले. मी चकित झालो. पाहतो तो त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेले कांबळे. बारामतीतल्या पाव्हण्यांकडे त्यांनी झोपण्याची सोय लावली होती, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने परत जाणार होते. जत्रेला निघावे तसे घरी सांगूनसवरून आले होते. खोळीच्या खुर्चीवर ते काही बसले नाहीत. मैदानाच्या कडेला, डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसले. पहिल्या डावात एका पोराने बोनस घ्यायला पाय फार लांबवला आणि घोट्यात अडकला. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्येच्या आज्याचा बी पाय असाच लांब जायचा.”